रांग रिकामी आणि सगळे थ्रेड झोपलेले : समवर्ती घटकांचे मॉडेल करताना पायरी कुठे तोडावी

प्रश्न असा आहे. एका जावा प्रणालीत काही थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समवर्ती, म्हणजे एकाच वेळी, चालणारे कामाचे धागे) कामे तयार करून मर्यादित आकाराच्या रांगेत टाकतात आणि काही थ्रेड ती उचलून पुढे नेतात. रांगेचा क्लास चमूनेच लिहिलेला आहे. त्याच्या टाकण्याच्या आणि काढण्याच्या दोन्ही मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, म्हणजे लॉक (कुलूप) मिळवूनच एका वेळी एकच थ्रेड त्यांत शिरू शकतो. थांबण्यासाठी वेट आणि उठवण्यासाठी नोटिफाय वापरले आहे. कित्येक वर्षे सुरळीत चाललेली ही प्रणाली, मेमरी वाचवण्यासाठी रांगेचा आकार कमी केल्यापासून, अधूनमधून गोठते. प्रोसेसर मोकळा असतो, लॉगमध्ये एकही एरर नसते आणि थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबला आहे याची नोंद) काढला तर सगळेच थ्रेड वेटमध्ये दिसतात. टेस्ट मात्र सगळ्या पास होतात. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत : अशा घटकाचे गणिती मॉडेल करून काही हाती लागते का, त्यासाठी कोणती भाषा किंवा साधन घ्यावे, आणि मॉडेल बरोबर ठरले म्हणजे कोडही बरोबर, असे मानता येते का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि या विशिष्ट दोषासाठी तर संगणकाचीही गरज नाही, कागद-पेन्सिल पुरते. मात्र मॉडेल करणे म्हणजे कोडचे दुसऱ्या भाषेत रूपांतर करणे, अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी लागेल. मॉडेलमध्ये 'एक पायरी' म्हणजे नेमके किती काम, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे. जिथे दुसरा कोणी मध्ये घुसू शकतो तिथे पायरी तुटली पाहिजे आणि जिथे घुसूच शकत नाही तिथे ती तोडता कामा नये. पहिली चूक झाली तर दोष लपतो; दुसरी झाली तर अवस्थांची संख्या विनाकारण फुगते आणि हाती आलेला प्रतिदाखला (दोषापर्यंत नेणारा पायऱ्यांचा क्रम) कोणाला वाचता येत नाही.

आपल्या रांगेला हे लावून पाहू. रांगेत कोणती कामे आहेत याच्याशी गोठण्याचा संबंध नाही, किती आहेत याच्याशी आहे. म्हणून रांगेच्या जागी एक संख्या पुरते. थ्रेड रांगेबाहेर काय करतो हेही सोडून देता येते, कारण तो शेवटी परत रांगेकडेच येतो. मग उरते ते एवढेच : कोणता थ्रेड वाट पाहत झोपला आहे आणि कोणता जागा आहे. लॉकचे काय? टाकणे आणि काढणे या दोन्ही मेथड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लॉक धरून चालतात, त्यामुळे पूर्ण मेथड ही एकच पायरी मानता येते आणि लॉक मॉडेलमधून नाहीसा होतो. अपवाद एकच, तो म्हणजे वेट. वेट लॉक सोडते, म्हणून मेथड तिथे तुटते. परंतु वेट 'व्हाइल' लूपमध्ये आहे, म्हणून जागा झालेला थ्रेड लूपच्या अटीकडे परत जातो, म्हणजे त्याची स्थिती नव्याने मेथडमध्ये शिरणाऱ्या थ्रेडसारखीच असते, आणि त्यामुळे 'नुकताच उठवलेला' अशी वेगळी अवस्था ठेवावी लागत नाही. ही सवलत 'व्हाइल'मुळे मिळते. कोणी तिथे 'इफ' लिहिले असेल तर उठल्यानंतरचा थ्रेड अट न तपासता पुढे जातो, त्याची अवस्था वेगळी धरावी लागते आणि मॉडेल बदलते.

एवढे ठरले की मॉडेल चार ओळींचे होते. टाकणारा, म्हणजे उत्पादक, जागा असेल तर संख्या एकने वाढवतो आणि झोपलेल्यांपैकी कोणत्याही एकाला उठवतो; जागा नसेल तर स्वतः झोपतो. काढणारा, म्हणजे ग्राहक, रांगेत काही असेल तर संख्या एकने कमी करतो आणि झोपलेल्यांपैकी कोणत्याही एकाला उठवतो. काही नसेल तर झोपतो. 'कोणत्याही एकाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण जावाच्या विनिर्देशात नोटिफाय कोणाला उठवील याची हमी दिलेली नाही आणि वाट पाहणारे उत्पादक व ग्राहक एकाच संचात आहेत. आता रांगेचा आकार १, उत्पादक एक आणि ग्राहक दोन असे धरले तर संख्येच्या शक्यता २ आणि झोपलेल्यांच्या संचाच्या शक्यता ८, म्हणजे फार तर १६ अवस्था होतात. त्या हाताने काढता येतात.

काढल्यावर पुढील वाट सापडते. पहिला ग्राहक येतो, रांग रिकामी, तो झोपतो. दुसरा ग्राहक येतो, तोही झोपतो. उत्पादक एक काम टाकतो आणि पहिल्या ग्राहकाला उठवतो. पहिला ग्राहक लॉक मिळवण्यापूर्वीच उत्पादक दुसरे काम घेऊन येतो, रांग भरलेली पाहतो आणि झोपतो. आता झोपलेल्यांत दुसरा ग्राहक आणि उत्पादक असे दोघे आहेत. पहिला ग्राहक काम उचलतो, रांग रिकामी होते, आणि त्याचे नोटिफाय दुसऱ्या ग्राहकाला उठवते. उठवायला हवे होते उत्पादकाला. पहिला ग्राहक पुन्हा येतो, रांग रिकामी, झोपतो. दुसरा ग्राहक जागा होऊन अट तपासतो, रांग रिकामी, झोपतो. रांगेत काही नाही, तिघेही झोपलेले, आणि त्यांना उठवणारा कोणी उरलेला नाही. सात पायऱ्यांत प्रणाली गोठली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाचव्या पायरीत दुसरा ग्राहक उठला तो निव्वळ दुर्दैवाने नव्हे; तो उत्पादकाच्या आधी झोपला होता. म्हणजे जावाचा प्रोग्रॅम चालवणारी व्हर्च्युअल मशीन आलेल्या क्रमानेच उठवत असली तरी हीच वाट लागते. 'आमच्या मशीनवर नोटिफाय न्याय्य क्रमाने चालते' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. या दोषापुरता तो लागूच पडत नाही.

आता आकार आणि थ्रेडची संख्या बदलून पाहावी. आकार १ आणि एक उत्पादक, एक ग्राहक असताना ही अवस्था गाठता येत नाही. आकार २ आणि एकूण चार थ्रेड असतानाही नाही. पाचवा थ्रेड आला की गाठता येते. सर्वसाधारण नियम असा निघतो : दोन्ही बाजूंना किमान एक थ्रेड असेल आणि थ्रेडची एकूण संख्या रांगेच्या आकाराच्या दुपटीपेक्षा जास्त असेल, तर ही रांग गोठू शकते, अन्यथा नाही. विचारणाऱ्यांच्या प्रणालीचे कोडे येथे सुटते. समजा थ्रेड ४० आहेत आणि आकार १०० होता. दोष कोडमध्ये होता, पण त्याला वाट नव्हती. आकार १० वर आणला, दुप्पट २०, आणि वाट उघडली. टेस्ट हिरव्या राहिल्या, कारण त्या बहुधा दोन थ्रेड घेऊन किंवा प्रशस्त आकार ठेवून लिहिलेल्या असतात आणि त्या टापूत हा दोष संभवतच नाही. अशा टेस्ट कितीही वेळा, कितीही भाराखाली चालवल्या तरी निकाल तोच येणार.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. नोटिफायच्या जागी, झोपलेल्या सगळ्यांना उठवणारे, नोटिफायऑल घालावे, किंवा एकाच लॉकवर दोन वेगळ्या कंडिशन (वाट पाहण्याच्या जागा) ठेवाव्यात : एक 'जागा झाली' यासाठी, दुसरी 'काम आले' यासाठी, म्हणजे ग्राहकाचा इशारा ग्राहकाकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. २००४ साली आलेल्या जावा ५ पासून जावाच्या ग्रंथालयात (लायब्ररीत) असलेली ॲरेब्लॉकिंगक्यू दुसऱ्या पद्धतीने चालते. स्वतःचा क्लास ठेवण्याला सबळ कारण नसेल तर तो काढून ती वापरावी, हे मी सर्वप्रथम सांगेन.

मॉडेल मात्र येथेच टाकून देऊ नये, कारण पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. वेटमधील थ्रेड कोणी न उठवताही जागा होऊ शकतो, असे जावाचे विनिर्देश स्पष्टपणे म्हणतात. काळजीपूर्वक काम करणारा माणूस हे वाचतो आणि मॉडेलमध्ये एक पायरी वाढवतो : झोपलेला कोणताही थ्रेड केव्हाही आपोआप उठू शकतो. मग मॉडेल चेकर (मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था तपासणारे साधन) चालवतो आणि निकाल येतो, डेडलॉक नाही. कोड तेच, दोष तोच, तरी दोष गायब. कारण सरळ आहे. मॉडेल चेकरच्या दृष्टीने डेडलॉक म्हणजे जिच्यातून एकही पायरी निघत नाही अशी अवस्था, आणि आता प्रत्येक झोपलेल्या अवस्थेतून 'आपोआप उठणे' ही पायरी निघते. थ्रेड उठतो, रांग रिकामी पाहतो, पुन्हा झोपतो. कागदावर हालचाल आहे, काम शून्य. वेटला टाइमआउट लावणाऱ्यांची स्थितीही नेमकी हीच असते. तिथे गोठण्याऐवजी प्रणाली दर टाइमआउटला कण्हत एक पाऊल टाकते, आणि तक्रार 'बंद पडली' अशी न येता 'हळू चालते' अशी येते.

यावर उपाय असा की परिसराला (घटकाबाहेरच्या, आपल्या हातात नसलेल्या यंत्रणेला) मोकळीक द्यावी, पण त्याच्या कृपेवर विसंबून राहू नये. आपोआप उठण्याची पायरी ठेवावी, कारण तिच्यामुळे 'व्हाइल'च्या जागी 'इफ' लिहिल्याचा दोष सहज सापडतो. परंतु ती कधी ना कधी होईलच, असे गृहीत धरू नये, आणि तपासायचा गुणधर्म 'पायरी निघत नाही' हा न ठेवता 'सगळेच झोपले आहेत ही अवस्था कधीही येत नाही' असा ठेवावा. नोटिफायच्या मॉडेलमध्ये हा गुणधर्म मोडतो, नोटिफायऑलच्या मॉडेलमध्ये टिकतो. साधनाने आयता दिलेला 'डेडलॉक नाही' हा शेरा आणि आपल्याला हवा असलेला गुणधर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या मॉडेलकारांच्या कामात मी सर्वप्रथम हेच तपासतो.

प्रगतीविषयीचे गुणधर्म, म्हणजे 'टाकलेले काम कधी तरी उचलले जाईल' अशा प्रकारची विधाने, अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये प्रोग्रॅमसाठी सुचवलेल्या कालतर्कात मांडतात. तिथे न्याय्यतेचे गृहीतक लागते. दुर्बल न्याय्यता म्हणजे जी पायरी सतत शक्य आहे ती कधी तरी घडते. सबल न्याय्यता म्हणजे जी पायरी पुन्हा पुन्हा शक्य होते, मधूनमधून अशक्य झाली तरी, ती कधी तरी घडते. नोटिफायऑल घातलेल्या रांगेत दुर्बल न्याय्यता धरली तर संपूर्ण प्रणाली पुढे सरकत राहते, पण एखादा विशिष्ट उत्पादक कायमचा उपाशी राहू शकतो : प्रत्येक वेळी तो उठतो तेव्हा दुसऱ्याने जागा घेतलेली असते. हा दोष मानायचा की नाही, हे मॉडेल सांगत नाही. सगळे उत्पादक सारखेच असतील तर फरक पडत नाही; प्रत्येक थ्रेड एकेका खातेदाराचे काम करत असेल तर पडतो. सबल न्याय्यता सढळ हाताने वापरण्याविरुद्ध मात्र मी सावध करतो, कारण प्रत्यक्ष शेड्यूलर (कोणता थ्रेड केव्हा चालेल हे ठरवणारा) अशी हमी क्वचितच देतो आणि तिच्या आधारावर सिद्ध केलेली प्रगती कागदावरच राहते.

दुसरा प्रश्न भाषेचा. कार्ल ॲडम पेट्री यांचा १९६२ चा प्रबंध (पेट्री जाळी त्यातूनच आली), टोनी होर यांचे १९७८ चे सीएसपी, रॉबिन मिल्नर यांचे १९८० चे सीसीएस आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांचे टीएलए ही या क्षेत्रातली चार मोठी घराणी. प्रत्येकाचे अनुयायी आपलेच घराणे शुद्ध मानतात, आणि त्या वादात मी पडणार नाही. निवडीचा निकष एवढाच ठेवावा की आपल्या घटकांमधला व्यवहार कोणत्या रूपात होतो. सामायिक स्थितीवर लॉक लावून चालणारी, आपल्या रांगेसारखी प्रणाली असेल तर टीएलएवर आधारलेली टीएलए प्लस ही भाषा सोयीची पडते, कारण तिथे अवस्था आणि पायरी या दोनच कल्पना असतात. निरोपांच्या चॅनेलवर चालणारे प्रोटोकॉल असतील तर बेल लॅब्समध्ये जेरार्ड होल्झमन यांनी विकसित केलेले स्पिन आणि त्याची प्रोमेला भाषा. संसाधनांची मोजणी हा मुख्य विषय असेल, म्हणजे किती टोकन, किती कनेक्शन, किती मोकळ्या जागा, तर पेट्री जाळी. तिथे 'मोकळ्या जागा अधिक भरलेल्या जागा बरोबर आकार' अशी समीकरणे अवस्था न मोजताही निघतात. आणि घटकांचे इंटरफेस एकमेकांना जुळतात का हे पाहायचे असेल, तर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील जेफ मॅगी आणि जेफ क्रेमर यांचे एलटीएसए हे साधन शिकायला सर्वांत सोपे : प्रत्येक घटक म्हणजे नामांकित पायऱ्यांचे एक छोटे यंत्र, आणि दोन यंत्रे जोडली की समान नावाची पायरी दोघांनी एकत्रच टाकायची.

या शेवटच्या नियमात एक सापळा आहे, आणि घटकांचे मॉडेल करणाऱ्यांनी तो आवर्जून ओळखावा. समजा एक घटक साठा सांभाळतो आणि साठा बदलला की नोंदणी केलेल्या श्रोत्यांना कळवतो. दुसरा घटक ऑर्डर सांभाळतो, साठ्याला विचारतो आणि स्वतः श्रोताही आहे. दोघांचे स्वतःचे लॉक आहेत. मॉडेलमध्ये 'साठा विचारणे' ही एकच सामायिक पायरी ठेवली, तर ती एका क्षणात होते आणि सगळे सुरळीत दिसते. प्रत्यक्षात मेथड कॉल एका क्षणात होत नाही. ऑर्डर घटक आपला लॉक धरून साठ्याच्या लॉकसाठी उभा राहतो. त्याच वेळी साठा घटक आपला लॉक धरून श्रोत्याला कळवायला निघालेला असतो आणि ऑर्डरच्या लॉकसाठी उभा राहतो. दोघेही अडकतात. म्हणून घटकांच्या सीमेवरची प्रत्येक मेथड दोन पायऱ्यांत तोडावी : कॉल आणि परतणे. नावे दुप्पट होतात, आकृती थोडी कुरूप होते, पण हा दोष लगेच पकडला जातो. लॉक धरलेला असताना अनोळखी घटकाला हाक मारू नये, हा नियम अनुभवी मंडळी सांगतात. मॉडेलमध्ये तो दोन-चार पायऱ्यांच्या प्रतिदाखल्याच्या रूपाने समोर येतो, आणि वरिष्ठांना पटवायला तो जास्त उपयोगी पडतो.

घटक एकटा तपासायचा तर त्याचा वापरकर्ता कोण, हेही मॉडेलमध्ये लागते. काहीही करू शकणारा परिसर धरला तर जवळजवळ प्रत्येक घटक मोडतो. अगदी शहाणा परिसर धरला तर कोणताच मोडत नाही. लुका द अल्फारो आणि टॉमस हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या इंटरफेस ऑटोमॅटात यावर एक नेटकी तोड आहे : दोन घटक एकमेकांना जुळतात, जर त्यांना एकत्र नीट चालवू शकेल असा एखादा तरी परिसर अस्तित्वात असेल. त्या परिसराचे वर्णन हीच मग त्या जोडीच्या वापराची अट होते आणि ती इंटरफेसच्या दस्तऐवजात लिहिता येते.

निरोप जर अमर्याद रांगांतून जात असतील तर आणखी एक मर्यादा आड येते. मर्यादित अवस्थांची फक्त दोन यंत्रे अमर्याद फिफो (आधी आलेले आधी जाते अशा) रांगांनी जोडली, तरी एखादी अवस्था गाठता येते की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी १९८३ मध्ये दाखवले. म्हणून रांगेला मर्यादा घालावी, एक किंवा दोनची सुद्धा चालते, मात्र रांग भरल्यावर पाठवणारा थांबतो की निरोप गळतो हे कोडप्रमाणेच ठेवावे. अवस्थांच्या स्फोटाचा प्रश्नही येथेच येतो : प्रत्येकी दहा अवस्थांचे दहा घटक म्हणजे एक हजार कोटी संयोग. साधनांमध्ये सममिती ओळखणे, परस्परांवर परिणाम न करणाऱ्या पायऱ्यांचे सगळे क्रम न तपासणे अशा युक्त्या आहेत, त्या वापराव्यात. पण माझा अनुभव असा की तीन थ्रेड आणि आकार १ अशा खुज्या मॉडेलमध्ये बहुतेक दोष दिसतात, आणि मोठ्या मॉडेलच्या मागे लागण्याआधी खुजे पूर्ण तपासलेले असावे. याला अपवाद असतात. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधील एका दोषाची हकिगत आहे, ज्याचा सर्वांत छोटा प्रतिदाखलाच ३५ पायऱ्यांचा होता. इतकी लांब वाट माणसाला पुनरावलोकनात दिसणे जवळजवळ अशक्य.

मॉडेलची किंमत आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत पाहायच्या असतील तर नासाच्या डीप स्पेस वन या यानाची गोष्ट पाहावी. हे यान ऑक्टोबर १९९८ मध्ये सुटले. त्यावर रिमोट एजंट नावाची, यानाचे निर्णय यानावरच घेणारी प्रणाली प्रयोगादाखल बसवली होती. उड्डाणाच्या आधी, १९९७ मध्ये, नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील संशोधकांनी तिच्या एका भागाचे मॉडेल स्पिनमध्ये केले आणि पाच समवर्ती दोष शोधले. मे १९९९ मध्ये प्रयोग चालू असताना प्रणाली अंतराळात गोठली. कारण शोधले तेव्हा निघाले ते असे : एक थ्रेड अट तपासतो, अट पुरी नाही म्हणून वाट पाहायला जातो, आणि तपासणे व झोपणे या दोहोंच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड इशारा देऊन जातो. इशारा हरवतो. या दोन कृती एकाच लॉकखाली हव्या होत्या, त्या नव्हत्या. हा दोष १९९७ मध्ये सापडलेल्या पाचांपैकी एकाच्याच जातीचा होता, फक्त मॉडेल न केलेल्या दुसऱ्या भागात होता. जमिनीवरच्या चाचण्यांत तो कधीही दिसला नव्हता. पायरी कुठे तुटते हा प्रश्न येथेही तोच आहे : तपासणे आणि झोपणे ही मॉडेलमध्ये एक पायरी मानली असती, तर मॉडेल केलेल्या भागातही तो दोष सापडला नसता.

तिसरा प्रश्न राहिला. मॉडेल बरोबर ठरले म्हणजे कोड बरोबर, असे मानता येत नाही; मात्र दोन्हींत किती अंतर आहे हे नेमके सांगता येते, आणि ते लिहून ठेवावे. आपल्या रांगेच्या मॉडेलने तीन गोष्टी गृहीत धरल्या : पूर्ण मेथड एकाच लॉकखाली आहे, वेटभोवती 'व्हाइल' आहे, आणि एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला लगेच दिसते. पहिल्या दोन गोष्टी कोड वाचून तपासता येतात. तिसरी लॉकमुळे मिळते. जावाचे मेमरी मॉडेल अशी हमी देते की सामायिक चलांचा प्रत्येक वापर योग्य रीतीने लॉकखाली असेल तर सगळ्या पायऱ्या एका सलग क्रमाने घडल्यासारख्याच दिसतील. लॉक काढून कोणी साधे ध्वज वापरू लागला की ही हमी जाते. पीटरसनचा १९८१ चा परस्पर-वर्जनाचा, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडण्याचा, अल्गोरिदम याचे उत्तम उदाहरण आहे. साध्या मॉडेलमध्ये तो दोन प्रक्रियांसाठी निर्दोष ठरतो. एक्स-८६ प्रोसेसरवर मात्र, मध्ये फेन्स (क्रम पाळायला लावणारी सूचना) नसेल तर, आपला ध्वज लिहिण्याची क्रिया प्रोसेसरच्या स्टोअर बफरमध्ये (मेमरीत उतरण्याआधीच्या थांब्यावर) थांबलेली असताना दुसऱ्याचा ध्वज वाचण्याची क्रिया पुढे निघून जाते, आणि दोघेही एकाच वेळी आत शिरतात. हेही मॉडेल करता येते : स्टोअर बफर हा प्रत्येक प्रोसेसरचा एक स्वतंत्र घटक मानावा, लिहिणे म्हणजे त्या बफरमध्ये टाकणे, आणि मेमरीत उतरणे ही वेगळी, केव्हाही होणारी पायरी. दोष मग काही पायऱ्यांतच बाहेर येतो. लिहिणे ही एक पायरी मानली होती, ती दोन निघाली.

कोड आणि मॉडेल एकत्र ठेवण्यासाठी मी सांगेन ती रीत साधी आहे. मॉडेल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवावे आणि मॉडेलमधील प्रत्येक पायरीचे नाव कोडमध्ये नेमक्या त्या जागी कॉमेंट म्हणून लिहावे. चाचणीच्या बिल्डमध्ये, लॉक हातात असतानाच, त्या पायरीची नोंद लॉगमध्ये करावी. मग त्या नोंदींचा क्रम मॉडेलला मान्य आहे का, हे आपोआप तपासता येते. लॉक सुटल्यावर नोंद केली तर क्रम उलटसुलट होतो आणि खोटे इशारे मिळू लागतात, म्हणून 'हातात असतानाच' हा भाग सोडू नये. आणि लॉकची हद्द बदलणारा कोणताही बदल, मग तो कितीही किरकोळ दिसो, आधी मॉडेलमध्ये व्हावा. नोटिफायऑलचा एक ओळीचा बदल 'कामगिरी सुधारण्यासाठी' कोणीतरी परत नोटिफाय करील, ही शक्यता अगदी खरी आहे; तीन थ्रेड आणि आकार १ यांचे मॉडेल प्रत्येक बिल्डमध्ये चालवायला काही क्षण पुरतात आणि तो बदल तिथेच अडतो.

विचारणाऱ्यांच्या रांगेत कामांना प्राधान्यक्रम असल्यामुळे ग्रंथालयातील साधी रांग चालत नसेल, तर मॉडेलमध्ये एका संख्येच्या जागी दोन संख्या येतील, तातडीची कामे आणि साधी कामे, आणि तपासण्याच्या यादीत 'साधे काम कधी तरी उचलले जाते' हा गुणधर्म वाढेल. तो मोडेल, कारण तातडीची कामे येतच राहिली तर साध्यांना पाळी मिळत नाही. ते चालेल का, हे व्यवसाय सांभाळणाऱ्यांना विचारावे लागेल. रांगेचा आकार किती ठेवावा याचे उत्तर मात्र या मॉडेलकडे मागू नये. दोन कंडिशनची दुरुस्ती केल्यावर १ पासून पुढचा कोणताही आकार गोठण्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे. त्यातला कोणता आकार वेग आणि मेमरी यांच्या हिशेबात बसतो, ते प्रत्यक्ष भाराखाली मोजूनच ठरवावे लागेल.